माठाजवळची जागा

लहान मुलांच्या खोलीत शांतता पसरली की आधी धावत सुटावं आणि कारण मग विचारावं. हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकले. तीन-चार वर्षांची खोलीभर मुलं गप्प आहेत, याचा अर्थ कुणीतरी नाकात वाटाणा घातलाय, कुणी खिडकीवर चढलंय, नाहीतर खिचडीच्या पातेल्यात कुणाची तरी चप्पल पडलीय आणि सगळी मिळून ती बुडताना बघताहेत. गोंगाट असला की आम्ही अंगणवाडीवाल्या निर्धास्त असतो.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे 'नोकरीतले गोड अनुभव' मागितलेत. गोड अनुभव पुष्कळ आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसले की मला ती एकच शांतता आठवते. तेव्हा तीच लिहिते. छापायची की नाही ते त्यांनी बघावं.

आधी थोडं कामाबद्दल सांगते. लोकांना वाटतं, अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायचं ठिकाण. माझे धाकटे दीर पाहुण्यांना माझी ओळख 'वहिनी सरकारी खिचडी ढवळते' अशीच करून द्यायचे. खिचडी होतीच, पण खरं काम असायचं बघत राहण्याचं. मूल बोट दाखवून मागतं का, हाक मारली की वळतं का, शेजारच्याच्या हातातलं खेळणं हिसकावतं का. हिसकावणाऱ्याला मी रागवायची, पण काळजी मला न हिसकावणाऱ्याची वाटायची. महिन्याला वजन करायचं, त्याला आया-आज्या घाबरायच्या. वजन केलं की नजर लागते म्हणे. एक आजी तर नातवाला काट्याच्या झोळीत बसवण्याआधी त्याच्या मुठीत लोखंडी खिळा द्यायची. मी खिळ्यासकट वजन करायची आणि खिळा मनातल्या मनात वजा करायची. वाद घालण्यापेक्षा हे सोपं पडायचं.

मी जन्मापासून जबलपूरची. राज्यं वेगळी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि वडिलांची नोकरी इथली म्हणून आम्हीही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझं केंद्र शहरातल्याच गोरखपूर बाजाराच्या मागच्या वस्तीत होतं. भाड्याची एक खोली, एक दार, गल्लीकडे जाळीची खिडकी, आणि दारासमोरच्या कोपऱ्यात तिपाईवर पाण्याचा माठ. मदतनीस शेवंता मूळची वर्ध्याकडची, त्यामुळे आम्हा दोघींचं मराठीत चालायचं. शेवंता धीट बाई होती. गटारात शिरलेला साप तिने झाडूच्या दांड्याने बाहेर काढलेला मी पाहिलाय. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे तीच घाबरली.

मुनिया आमच्याकडे आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. तिची आई बाळंतपणातच गेलेली. कुंडमच्या पलीकडच्या एका खेड्यात आईच्या आईने, म्हणजे नानीने, तिला वाढवलं. त्या थंडीत नानी वारली आणि बापाने तिला शहरात आणलं. बाप हल्के बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडाचे गठ्ठे वाहायचा आणि बहिणीकडे राहायचा. ही बहीण, सुक्को बुआ, मुनियाला हाताला धरून घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "गूंगी है. बहरी भी है. खाना खा लेती है."

आम्ही आमच्या पद्धतीने पाहिलं. मूल पाठमोरं खेळत असताना मागे स्टीलची थाळी पाडायची. वळलं तर ऐकतंय. शेवंताने अशी दणक्यात थाळी आपटली की शेजारचं बाळ रडायला लागलं. मुनियाची पापणीसुद्धा हलली नाही. चुटक्या, टाळ्या, खुळखुळा, सगळं झालं. काहीच नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं मी हल्केला सांगितलं, तो हो म्हणाला आणि कामावर गेला.

मूल शहाणं होतं. डोळे सगळीकडे असायचे. नेहमी दाराकडे तोंड करून बसायची आणि मधूनच माठाच्या कोपऱ्याकडे वळून हातांनी काहीतरी करायची. आधी एक बोट हनुवटीला लावायची. मग उजव्या हाताची दोन बोटं डाव्या तळव्यावर चालवायची. मग आणखी एखादी खूण, कधी कानाची पाळी ओढायची, कधी खांद्यावर थाप मारायची. झालं की परत खेळायला लागायची. कोपऱ्यात माठ सोडून काहीही नव्हतं.

मुलं स्वतःशी खेळतात, त्याचं मला काही वाटलं नाही. पहिल्यांदा शेवंताच्या लक्षात आलं. एकदा खिचडी वाढता वाढता ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दीदी, ती कान ओढून राहिली म्हणजे तिची बुआ येते."

मी हसले. मग पाहू लागले आणि हसणं थांबलं. मुनियाने माठाकडे बघून कानाची पाळी ओढली की थोड्या वेळाने कानात मोठ्या बाल्या घातलेली सुक्को बुआ दारात उभी. खांद्यावर थाप मारली की गठ्ठे वाहणारा हल्के. हात ढवळल्यासारखा गोल फिरवला की नळावर गेलेली शेवंता. गल्लीत आम्हाला चिटपाखरू दिसत नसायचं, ऐकूही काही यायचं नाही, आणि ही मुलगी रिकाम्या कोपऱ्याला सांगून मोकळी व्हायची. बहिरी मुलगी. एकदा ती असं सांगत असताना मी मुद्दाम त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तिने मान तिरकी केली आणि माझ्या मागे पाहायचा प्रयत्न केला, मी कुणाच्या तरी आड आल्यासारखं. मी बाजूला झाले. उगाच तिथे थांबवेना.

मग बाकीची मुलंही तेच करायला लागली. मुलं नक्कल करतात, तो त्यांचा अभ्यासच असतो. पण आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती मला आवडत नव्हती. नवतपाचे, मे अखेरचे दिवस होते, बाहेर लूची झळ वाहत होती. माठाजवळची फरशी खोलीतली सगळ्यात गार जागा. एरवी तिच्यासाठी मारामाऱ्या व्हायच्या. आता तिथे कुणी बसत नव्हतं. पाणी प्यायला जाणारं मूलसुद्धा माठाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने हात पुढे करायचं.

त्यातच एकदा मीटिंगहून मला यायला उशीर झाला. गल्ली उन्हाने ओस पडली होती. शेवंता बाहेर नळाजवळ रिकामी बादली धरून उभी. आत मुलं असायला हवी होती आणि आतून आवाज नव्हता.

"आत कोण आहे मुलांपाशी?" मी विचारलं.

"मी नाही जाऊन राहिली अंदर," ती म्हणाली. "तुम्हीच पाहा."

मी खिडकीच्या जाळीतून पाहिलं. सगळी मुलं माझ्याकडे अर्धी पाठ करून, माठाच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. कुणी कुजबुजत नव्हतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. सगळ्यांची बोटं हनुवटीला लागली. मग सगळ्यांची बोटं तळव्यावर चालली. आणि मग त्या सगळ्या चिमुकल्या हातांनी डोळ्यांभोवती गोल धरले, चष्म्याचे. केंद्रात चष्मा फक्त मला होता. मी अजून दारापर्यंत पोचलेही नव्हते.

मला भीती वाटली, ते लपवत नाही. उन्हात उभी होते आणि पाठ गार पडली. आत गेले, मोठ्याने गाणं सुरू केलं, मुलं लगेच नेहमीसारखी किंचाळायला लागली आणि मला त्या किंचाळण्याने कधी नव्हे इतकं बरं वाटलं. घरी हे म्हणाले, "काहून माठाकडे पाहून राहिली तू सारखी?" मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणाले असते.

गोष्ट इथवर राहिली असती तर मुलांचा खेळ म्हणून सोडून दिली असती. पण एक दिवस मुनिया खेळता खेळता उठली, दाराशी गेली आणि बाहेर बघत हनुवटीला बोट लावून उभी राहिली. दुसरी कुठलीच खूण नाही, फक्त हनुवटी. बराच वेळ. तिला न्यायला बुआ आली होती, तिनेही पाहिलं. गल्लीत कुणी आलं नाही. त्याच संध्याकाळी समोरच्या घरातले म्हातारे बाबा बसल्या जागी गेले.

वस्तीला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी आयांनी मुलं पाठवली नाहीत. बुआ आली ती ठरवूनच. म्हणाली, हिच्या नानीने हिला सोडलेलं नाही, तीच अंगात बसलीय आणि तीच माणसं बोलावून नेते. येत्या अमावास्येला कुंडमकडच्या गुनियाकडे न्यायचं. तो झाडफूक करतो आणि अशा मुलांच्या जिभेवर तापलेल्या सळईचा डाग देतो, म्हणजे वाचा सुटते आणि आत बसलेलंही निघून जातं.

डाग दिलेली मुलं मी पाहिली होती. न्यूमोनियात पोटावर डागलेली, तांदळाएवढ्या काळ्या खुणांची रांग. त्यातलं एक मूल डागानंतर माझ्या मांडीवर होतं, ते वाचलं नाही. आता ही सळई एका साडेतीन वर्षांच्या मुलीच्या जिभेवर टेकणार होती, आणि ती का टेकू नये हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. पोलिसांची भीती घातली असती तर बुआ तिला रातोरात घेऊन गेली असती. आणि मला स्वतःला तरी कुठे कळत होतं की ही मुलगी कोपऱ्यात कुणाशी बोलते?

मी हल्केला गाठायला बड्या फुहाऱ्याला गेले. एका कापडाच्या दुकानामागे तो गठ्ठ्यावर बसून बिडी ओढत होता. मला पाहून त्याने बिडी विझवली. मी त्याला म्हटलं, नानीबद्दल सांग. तिला त्रास दिला होता का कुणी, कशी गेली, काय म्हणाली जाताना.

"कहती क्या, दीदी," तो म्हणाला, "नानी तो जनम से गूंगी-बहरी थी."

मी त्या गठ्ठ्यावरच बसले. हे आधी काहून नाही सांगितलं, असं मी मराठीतच विचारलं आणि मग हिंदीत. तो म्हणाला, कुणी विचारलंच नाही. नानी मुकी, नातही मुकी निघाली, रक्तातलं आहे, त्यात काय सांगायचं? मग मी एकेक विचारत गेले आणि तो सांगत गेला. नानी कुठे बसायची? माठांजवळ, दाराकडे तोंड करून. बहिऱ्या माणसाला दाराकडे पाठ करून बसवत नाही. तिच्या हनुवटीवर काही होतं का? गोंदण होतं, एक मोठा हिरवा ठिपका. घरात आणखी कोण होतं? कुणी नाही. त्या दोघीच. रानाच्या कडेची झोपडी, कुणी आलं-गेलं तर मुनियाच नानीचा हात धरून सांगायची.

म्हणजे ती नानीचे कान होती. कुणी येतंय का ते ऐकायचं आणि कोण येतंय ते हातांनी सांगायचं, हे तिचं काम होतं. चालता येऊ लागल्यापासून ती ते करत आली होती. त्यामुळे पावलांचा आवाज तिला आपल्याआधी कळायचा, कोणाची पावलं तेही कळायचं. थाळी पडल्याने कुणी येत नाही, म्हणून थाळीकडे ती वळत नव्हती. बोलणं तिच्या कानावर पडायचं, पण बोलणं म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. तिच्या घरात कधी कुणी बोललंच नव्हतं. आणि नानी गेली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायची भाषा नानीबरोबरच गेली होती. माठ जिथे, तिथे नानी असणार. ती आपली रोज तिला सांगत होती, कोण कोण येतंय.

हे सगळं मी बुआला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "दीदी, आप पढ़ी-लिखी हो." म्हणजे तुमचं तुमच्यापाशी ठेवा.

तेव्हा मी अमावास्येच्या आधी तिला केंद्रात बोलावलं. खोलीत मी, बुआ, शेवंता आणि मुनिया, एवढ्याच. हल्केला सांगून ठेवलं होतं की गल्लीच्या टोकाला थांब आणि सावकाश चालत ये, हाक मारू नकोस. गठ्ठा पडून त्याचा एक पाय जायबंदी झाला होता, तो किंचित घासत चालायचा. आम्ही कान देऊन बसलो. आम्हाला कावळा ऐकू आला, दुसरं काही नाही. मुनियाने माठाकडे वळून हनुवटीला बोट लावलं, बोटं चालवली, खांद्यावर थाप मारली. काही वेळाने हल्के दारात आला. बुआने हात जोडले. ती आणखीच घाबरली होती.

"अब देखो," मी म्हटलं. हल्केला परत पाठवलं आणि मुनियाला मांडीवर घेऊन तिच्या दोन्ही कानांवर माझे तळवे घट्ट दाबले.  तो सावकाश आला. या वेळी आम्हालाही अगदी दाराशी आल्यावर पाय घासल्याचं ऐकू आलं. मुनिया नुसती बसून होती. माठाकडे वळली नाही. हल्के दारात उभा राहिला आणि त्याला एकदम पाहून ती दचकली, मग त्याच्याकडे हात पसरले.

मी बुआला विचारलं, "नानी बता रही थी, तो कान बंद करने से चुप क्यों हो गई?"

 बुआने मुनियाला स्वतःजवळ ओढलं, तिचे कान दोन्ही हातांनी चाचपले आणि अगदी हळू म्हणाली, "तो तू सुनती है रे?" मग रडली. अमावास्येला कुणी कुंडमला गेलं नाही.

म्हातारे बाबा गेले त्या दिवशी मुनियाने दारात उभं राहून कुणाची पावलं ऐकली, हे मात्र मला आजही सांगता यायचं नाही. हनुवटीची खूण म्हणजे नानी. रिकाम्या गल्लीकडे बघत ती म्हणत होती की नानी येतेय. मी भोळी बाई नाही. पण त्या गल्लीतून एकटीने जायची वेळ आली की पुढे कित्येक वर्षं मी पदर सावरून भरभर चालायची.

मग तिला बोलायला शिकवायला घेतलं. मी स्वतः माठाजवळ नानीच्या जागी बसले. ती खूण करायची, मी तीच खूण करून शब्द म्हणायची आणि तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायची, आवाज कुठून निघतो ते तिला लागावं म्हणून. बाकीच्या मुलांना कामाला लावलं. मुलांइतकं चांगलं मुलांना कुणी शिकवत नाही. दिवाळीपर्यंत ती 'पानी' म्हणू लागली, होळीपर्यंत भांडू लागली. वरच्या मॅडम येऊन कौतुक करून गेल्या. मला अभिमान वाटला, अजूनही वाटतो.

पण शब्द येत गेले तसे हात थांबत गेले. एके दिवशी ती बाहेरून पळत आली आणि धप्पकन माठाजवळच्या फरशीवर, नानीच्या जागी जाऊन बसली. शेवंताने टाळ्या वाजवल्या. माझे हात उचललेच नाहीत. ती भाषा जगात दोघींनाच येत होती. एक मेली आणि दुसरीला आम्ही शहाणी केलं. त्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हे मला कळतं. माझी नात माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते, तेव्हाही मला माठाजवळची ती फरशी आठवते.

निवृत्त झाल्यावर एकदा मुनिया बड्या फुहाऱ्याला भेटली. नवऱ्याबरोबर साडी घेत होती, दुकानदाराला बोलू देत नव्हती. मला ओळखून पाया पडली. लहानपणचं काही आठवतं का, विचारलं. "कुछ नहीं दीदी," म्हणाली, "बस आपकी खिचड़ी." मी तिच्याकडे बघून हनुवटीला बोट लावलं. तिने क्षणभर पाहिलं, मग पदराने आपली हनुवटी पुसली. तिला वाटलं, काही लागलंय.

आणि आता हे शेवटचं. यंदा उन्हाळ्यात त्या केंद्रातल्या नव्या कार्यकर्तीने मला बोलावलं. खोली तीच आहे, रंग नवा. माठ कधीच गेला, तिथे प्लास्टिकची पाण्याची टाकी आहे. शेवंताही आता नाही. मी गल्लीतून जात होते आणि आतून मुलांचा गोंगाट येत होता. दाराजवळ आले तसा तो थांबला.

मी जाळीतून पाहिलं. सगळी मुलं कोपऱ्याकडे तोंड करून होती. बोटं तळव्यावर चालली आणि मग डोळ्यांभोवती चष्म्याचे गोल झाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी चष्मा लावत नाही. नव्या कार्यकर्तीलाही चष्मा नाही. ती हसून म्हणाली, यांचा हा जुनाच खेळ आहे, कुणी मोठं माणूस यायचं असलं की करतात, मोठी मुलं लहानांना शिकवतात, अर्थ कुणालाच माहीत नाही. टाकीजवळची फरशी मोकळी होती.

दाराशी बसलेल्या एका लहान मुलीला मी विचारलं, "किसको बता रही हो, बिटिया?"

तिने माझ्याकडे नाही, कोपऱ्याकडे पाहिलं. जरा थांबली. मग बोट उचललं आणि हनुवटीला लावलं.

मी चप्पल बाहेर काढली आणि टाकीजवळची ती जागा सोडून बसले.